मोठ्या वयाचे मूल दत्तक घ्यावे का? निर्णयापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या

मोठ्या वयाचे मूल दत्तक घेण्याचा विचार करणारी बहुतेक माणसे एकाच प्रश्नाभोवती घुटमळत असतात: "आम्हाला या मुलावर पोटच्या मुलासारखी माया करता येईल का?" प्रश्न प्रामाणिक आहे, पण निर्णयासाठी फारसा उपयोगी नाही, कारण त्याचे उत्तर आधी कुणालाच देता येत नाही. विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. ज्या मुलाला तुमच्याविषयी आज माया वाटण्याचे काहीच कारण नाही, उलट भीती वाटण्याची पुष्कळ कारणे आहेत, त्याच्यासोबत एक-दोन वर्षे, रोजच्या रोज, परतफेडीची वाट न पाहता राहण्याइतका वेळ, धीर आणि हाताशी माणसे तुमच्या घरात आहेत का? याचे उत्तर मात्र आधी शोधता येते.

पात्रतेच्या अटी, कागदपत्रे, प्रतीक्षायादी आणि न्यायालयीन प्रक्रिया देशागणिक निरनिराळ्या असतात आणि त्या वेळोवेळी बदलतातही. त्या अधिकृत यंत्रणेकडूनच समजून घ्याव्यात. या लेखाचा विषय आहे तो अर्ज भरण्यापूर्वीचा विचार आणि एखादे विशिष्ट मूल समोर आल्यानंतरचा निर्णय.

पहिली पायरी: कारण कागदावर उतरवा

घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीने "मला मोठे मूल का हवे आहे" याची कारणे स्वतंत्रपणे, एकमेकांना न दाखवता लिहून काढावीत आणि मग ते कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत. तोंडी चर्चेत जो अधिक बोलका असतो त्याचे कारण दोघांचे कारण होऊन बसते. कागदावर ते लपत नाही.

साधारणपणे जी कारणे पुढे येतात ती अशी: तान्ह्या बाळासाठी फार वर्षे थांबावे लागेल, आता आमचे वय झाले, एकुलत्या मुलाला सोबत होईल, रात्रीची जागरणे नकोत, एका निराधार जिवाचे भले होईल. यातील एकही कारण वाईट नाही, परंतु प्रत्येकाच्या पोटात एक अपेक्षा दडलेली आहे आणि ती वेळीच बाहेर काढली पाहिजे. बाळ मिळत नाही म्हणून मोठे मूल, असा विचार असेल तर ते मूल तुमच्या घरात दुसऱ्या पसंतीचे म्हणून पाऊल टाकते, आणि मुलांना हे न सांगताही कळते. सोबतीसाठी आणलेल्या मुलाला घरात येण्यापूर्वीच एक नोकरी लागलेली असते. दोन मुलांचे पटले नाही तर ते त्या नोकरीत नापास ठरते. जागरणांचे म्हणाल तर घाबरलेले सात वर्षांचे मूल तान्ह्या बाळाइतकेच जागवते. आणि भले करण्याच्या कारणाबद्दल मला सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण त्यात कृतज्ञतेची अपेक्षा असते आणि पहिल्या मोठ्या भांडणात "तुझ्यासाठी आम्ही काय काय केले" हे वाक्य तोंडातून बाहेर पडतेच.

कारणाची कसोटी सोपी आहे. हे मूल तुम्हाला कधीही "आई" किंवा "बाबा" म्हणाले नाही, अभ्यासात मागेच राहिले आणि मोठे झाल्यावर आपल्या जन्मदात्यांना शोधायला निघाले, तरीही कागदावरचे कारण टिकते का, ते पाहा. टिकत असेल तर पुढे चला.

स्वतःचे मूल न होण्याचे किंवा झालेले मूल गमावल्याचे दुःख ताजे असेल, तर मात्र येथेच थांबावे. ते दुःख पूर्णपणे संपण्याची वाट पाहण्याची गरज नाही, कारण ते बहुधा संपत नाही. पण येणाऱ्या मुलाच्या जागी मनात सतत दुसरेच मूल दिसत असेल, तर त्या दोघांवरही अन्याय होतो.

दुसरी पायरी: मोठे म्हणजे किती मोठे, हे ठरवा

"मोठे मूल" याची सर्वमान्य व्याख्या नाही. व्यवहारात फरक पडतो तो मूल स्वतःसोबत आठवणी, भाषा आणि मत घेऊन येते की नाही, यामुळे.

चार-पाच वर्षांच्या मुलाला घडलेले प्रसंग सलग सांगता येत नाहीत, परंतु एखादा वास, दारावरची थाप, विशिष्ट आवाजातील हाक यांवर त्याचे शरीर आधी प्रतिक्रिया देते. या वयातील मुले जगातील घटनांचे कारण स्वतःकडे ओढून घेतात; "मी रडायचो म्हणून आई गेली" अशी समजूत मनात घट्ट धरून बसलेले मूल अगदी शांत आणि गोड दिसू शकते. सात ते दहा या वयात मुलाला आपली कहाणी ठाऊक असते, तिच्यातील फटी त्याला जाणवतात आणि नव्या घरात रमणे म्हणजे जुन्या माणसांशी बेइमानी, असा पेच त्याच्यापुढे उभा राहतो. किशोरवयीन मुलांचा प्रश्न उलटा असतो. ज्या वयात मुले घरापासून दूर सरकू लागतात, नेमक्या त्याच वयात आपण त्यांना जवळ येण्यास सांगत असतो. तरीही माझे मत असे आहे की, लोक किशोरांना गरजेपेक्षा जास्त घाबरतात आणि पाच वर्षांच्या मुलांना गरजेपेक्षा कमी. पंधरा वर्षांच्या मुलीला आपण काय मागतो आहोत हे पुष्कळदा स्पष्ट माहीत असते. तिला दुसरी आई नको असते. परीक्षेचा निकाल लागल्यावर फोन करता येईल आणि सुट्टीत परत जाता येईल असे एक घर हवे असते. तेवढेच देण्याची तयारी असेल, तर हे नाते फार चांगले जुळू शकते.

आणखी एक गोष्ट या पायरीवरच समजून घ्यावी. फाइलमधील वय हे मुलाचे एकच वय नसते. दहा वर्षांचे मूल वाचनात सात वर्षांचे, रुसण्याफुगण्यात चार वर्षांचे आणि धाकट्या भावाला भरवण्यात तीस वर्षांचे असू शकते. ज्याने लहानपणीच भावंडांचे आईपण केले आहे अशा मुलाकडून ते काम एकदम काढून घेतले, तर त्याला सुटका वाटण्याऐवजी हकालपट्टी वाटते. भावंडांना एकत्र घेण्याचा प्रश्न म्हणूनच केवळ खोल्यांचा आणि खर्चाचा नसतो.

तिसरी पायरी: सुरुवातीची वर्षे काय करून जातात, हे जाणून घ्या

ब्रिटिश मनोचिकित्सक जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, लहान मुलाला अन्न आणि निवारा यांच्याइतकीच एका टिकाऊ, उबदार नात्याची गरज असते, हे ठासून मांडले. पुढे त्या विचारातूनच भावबंधाचा, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील भावनिक नात्याचा, सिद्धांत आकाराला आला. त्याची सर्वांत कठोर परीक्षा १९८९ नंतर झाली, जेव्हा रोमानियातील राजवट कोसळली आणि तेथील अनाथालयांतील भीषण परिस्थिती जगासमोर आली. ब्रिटनमधील कुटुंबांनी दत्तक घेतलेल्या अशा १६५ मुलांचा बालमनोचिकित्सक मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुणपणापर्यंत मागोवा घेतला. सहा महिन्यांच्या आत तेथून बाहेर पडलेली मुले पुढे इतर मुलांसारखीच वाढली. त्याहून अधिक काळ तेथे राहिलेल्यांपैकी अनेकांमध्ये लक्ष न लागणे, अतिचंचलता, परक्या माणसांशी अवाजवी सलगी आणि सामाजिक संकेत न उमगणे या अडचणी तरुणपणीही टिकून राहिल्या. बौद्धिक वाढीतील पिछाडी मात्र बरीचशी भरून निघाली. आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या दुसऱ्या गटातील सुमारे एकपंचमांश मुलांमध्ये कोणत्याही टप्प्यावर लक्षणीय अडचण आढळली नाही.

या अभ्यासाचा आधार घेताना दोन गोष्टी विसरू नयेत. ती परिस्थिती टोकाची होती, त्यामुळे संस्थेत वाढलेल्या प्रत्येक मुलाला तो मापदंड लावणे चूक आहे. शिवाय ती मुले दत्तक घरी आली तेव्हा जास्तीत जास्त साडेतीन वर्षांची होती. म्हणजे हा अभ्यास उशिरा दत्तक घेण्याचा नसून सुरुवातीच्या काळात झालेल्या आबाळीचा आहे. त्यातून तुमच्यासाठी निघणारा अर्थ असा की, मुलाचे आजचे वय पाहण्याइतकेच पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याला कुणी सांभाळले, हे विचारणे महत्त्वाचे आहे. सहा वर्षांपर्यंत प्रेमळ आजीजवळ वाढलेले आणि तिच्या निधनानंतर संस्थेत आलेले नऊ वर्षांचे मूल, हे जन्मापासून पाच ठिकाणी फिरलेल्या चार वर्षांच्या मुलापेक्षा नाते जोडण्यास अधिक तयार असू शकते.

दत्तक नाते मोडण्याविषयीची भीतीही येथेच तपासून घ्यावी. इंग्लंडमधील २०१४ च्या एका व्यापक अभ्यासात, बारा वर्षांच्या काळात सुमारे तीन टक्के दत्तके मोडल्याचे आढळले. घरी येताना मुलाचे वय जितके जास्त तितका धोका वाढत होता, आणि नाते मोडले ते प्रामुख्याने किशोरवयात. आकडा लहान आहे, पण तो पूर्ण मोडलेल्या नात्यांचा आहे. नाते न मोडताही जी घरे दमून गेली, ती त्या तीन टक्क्यांत मोजलेली नाहीत.

चौथी पायरी: घराची झडती घ्या

आदर्श दिवसाची कल्पना करून काहीच कळत नाही. एका साध्या मंगळवारची कल्पना करा. सकाळी अकराला शाळेतून फोन येतो: मुलाने वर्गमित्राला मारले आहे, त्याला घरी न्या. कोण जाणार? गुरुवारी पुन्हा फोन येतो. आता कोण जाणार, आणि त्याच्या कामाच्या ठिकाणी काय सांगणार? संध्याकाळी समुपदेशकाची वेळ आहे, घरातील दुसऱ्या मुलाचा सामनाही त्याच वेळी आहे, आणि वयस्कर वडिलांना डॉक्टरकडे न्यायचे आहे. आठवड्याचे असे वेळापत्रक प्रत्यक्ष कागदावर आखावे आणि प्रत्येक रकान्यात माणसाचे नाव लिहावे. "बघू", "जमवू" असे शब्द रकान्यात चालणार नाहीत. रिकामे रकाने किती उरतात, यावरून तुमच्या तयारीचा अंदाज कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा चांगला येतो.

एकट्या पालकाने आणखी एक गोष्ट करावी. तुम्ही दोन दिवस अंथरुणावर पडलात तर घरी येऊन राहू शकतील अशा दोन व्यक्तींची नावे लिहावीत आणि त्या दोघांना आजच विचारावे. त्यांनी "हो" म्हणताना घेतलेला अवधीही लक्षात ठेवावा.

जोडप्यात एकाचा उत्साह आणि दुसऱ्याची नुसती संमती असेल, तर निर्णय झालेला नाही असे समजावे. पहिल्या काही महिन्यांत मूल बहुधा एका पालकाला जवळ करते आणि दुसऱ्याला झिडकारते. झिडकारला जाणारा पालक मुळातच अर्ध्या मनाने आलेला असेल, तर तो त्या नकाराच्या आडोशाला जाऊन बसतो.

घरात आधीची मुले असतील तर त्यांना निर्णयाचा भार देऊ नये, परंतु त्यांचे ऐकलेच पाहिजे, आणि तेही स्वतंत्रपणे. येणारे मूल घरातील थोरल्याहून मोठे असेल तर थोरल्याची जागा जाते, हे बोलून दाखवावे. मुलाचा इतिहास पूर्ण माहीत नसताना त्याला पहिल्या दिवसापासून लहान मुलासोबत एकाच खोलीत झोपवणे टाळावे. यात येणाऱ्या मुलावर अविश्वास नसून दोघांचेही संरक्षण आहे.

पैशांविषयी थोडक्यात: दत्तक प्रक्रियेचा खर्च हा त्यातला लहान भाग असतो. दीर्घकाळ चालणारे समुपदेशन, दात आणि डोळ्यांचे राहून गेलेले उपचार, शिकवणी, आणि सर्वांत मोठा भाग म्हणजे एका पालकाने काही काळ काम कमी केल्यामुळे घटणारे उत्पन्न, हे धरून किमान दोन वर्षांचा हिशेब मांडावा. दत्तकाने निर्माण होणारे नाते कायमचे असते, त्यामुळे वारसाहक्क आणि पालकत्वाच्या कायदेशीर परिणामांविषयी वकिलाशी एकदा सविस्तर बोलून घ्यावे.

पाचवी पायरी: फाइल दोनदा वाचा

एखादे मूल सुचवले गेले की त्याची फाइल हाती येते. ती पहिल्यांदा मन वाचते आणि त्यात फोटोपलीकडे फारसे काही दिसत नाही. म्हणून ती दोन दिवस बाजूला ठेवून, हातात पेन घेऊन पुन्हा वाचावी.

दुसऱ्या वाचनात आधी तारखा एका ओळीत मांडाव्यात: जन्म, पहिले स्थलांतर, दुसरे स्थलांतर, रुग्णालयातील मुक्काम, शाळाप्रवेश. दोन तारखांमध्ये जिथे वर्ष-दीड वर्षाची पोकळी दिसेल तिथे खूण करावी. त्या काळात मूल कुठेतरी होते, कुणाजवळ तरी होते. कागद गप्प आहे म्हणजे काही घडले नाही असे नव्हे.

मग विशेषणांकडे वळावे. "समजूतदार", "शांत", "हट्टी", "सर्वांत मिसळणारा" हे शब्द ज्याने लिहिले त्याच्या हाताखाली त्या वेळी किती मुले होती, हे लक्षात घेऊन ते वाचावे लागतात. पुष्कळ मुलांच्या खोलीत "शांत" मूल म्हणजे काही न मागणारे मूल, आणि काही न मागणे हा मागून उपयोग होत नाही या अनुभवाचा परिणाम असू शकतो. "हट्टी" मुलाने मागणे अजून सोडलेले नाही. मला विचाराल तर हट्टी हा शब्द दिसला की मी थोडी निश्चिंत होते. "सर्वांत मिसळणारा" या शब्दावर मात्र एक प्रश्न जरूर विचारावा: तो पडल्यावर रडत कुणाकडे जातो? उत्तर "जो समोर असेल त्याच्याकडे" असे असेल, तर पहिल्याच भेटीत तुमच्या मांडीवर येऊन बसणारे मूल हा जिव्हाळ्याचा पुरावा मानू नये.

संस्थेला किंवा सामाजिक कार्यकर्त्यांना विचारण्याचे प्रश्न लेखी न्यावेत. या मुलाला सर्वांत जास्त काळ कुणी सांभाळले आणि ती व्यक्ती आज भेटू शकेल का? त्याला भावंडे आहेत का, कुठे आहेत, भेटी होतात का? आधी एखाद्या कुटुंबात जाऊन परत आले आहे का, आणि परत येण्याचे कारण त्याला काय सांगितले गेले? मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराची नोंद किंवा नुसती शंका तरी आहे का? झोप, लघवी, खाणे, खोटे बोलणे, पळून जाणे यांविषयी रात्रपाळीला असणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे काय आहे? शेवटचा प्रश्न मुद्दाम असा विचारावा, कारण मुलांची खरी ओळख दिवसा कार्यालयात बसणाऱ्यांपेक्षा रात्री दिवा लावून उठणाऱ्यांना अधिक असते. वैद्यकीय अहवाल मुलांच्या डॉक्टरांना स्वतंत्रपणे दाखवावा आणि त्यांना "हे मूल घ्यावे का" असे न विचारता "पुढील पाच वर्षांत याला काय काय लागेल" असे विचारावे.

या सगळ्यानंतर स्वतःची यादी करावी: कोणत्या गोष्टींना आपण सामोरे जाऊ शकतो, कोणत्या शिकून घेऊ शकतो, आणि कोणत्या आपल्याला झेपणार नाहीत. तिसरा रकाना रिकामा सोडणारे पालक मला थोडे काळजीचे वाटतात.

सहावी पायरी: मुलाचा होकार खरा आहे का, ते पाहा

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील बाराव्या कलमाने, मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्या मताला वय व परिपक्वतेनुसार वजन मिळण्याचा हक्क दिला आहे. आंतरदेशीय दत्तकासंबंधीच्या १९९३ च्या हेग करारातही मुलाच्या इच्छेची दखल घेणे बंधनकारक आहे. कागदावर त्यामुळे मुलाची संमती बहुधा असतेच. प्रश्न असा आहे की, ती कुणी, कशी आणि किती वेळा विचारली.

"तुला आईबाबा हवेत का?" या प्रश्नाला आठ वर्षांचे मूल "हो" म्हणणारच. "तुला ही शाळा, हे मित्र आणि धाकटी बहीण सोडून, माहीत नसलेल्या गावी, माहीत नसलेल्या माणसांकडे कायमचे जायचे आहे का?" हाही तोच प्रश्न आहे, पण त्याचे उत्तर वेगळे येऊ शकते. मुलाला हा दुसरा प्रश्न विचारला गेला आहे का, याची खात्री करा. त्याने विचार करण्यास वेळ मागितला असेल तर ते चांगले लक्षण आहे. त्याला दत्तक नकोच असेल, पण कुणाचा तरी आधार हवा असेल, तर तात्पुरते संगोपन किंवा वर्षानुवर्षे टिकणारी मार्गदर्शकाची भूमिका हा त्याच्यासाठी अधिक योग्य मार्ग असू शकतो, आणि कधी कधी तुमच्यासाठीही.

नाव बदलण्याचा विचार मनात असेल तर तो येथेच सोडून द्यावा. मोठ्या मुलाकडे स्वतःच्या मालकीची म्हणावी अशी जी एक-दोन गोष्टी असतात, त्यांपैकी नाव ही एक आहे.

सातवी पायरी: भेटी घाईने उरकू नका

शक्य तितक्या भेटी मागून घ्याव्यात आणि त्यांतील किमान एक तरी कंटाळवाणी असावी. सहलीला नेऊन, भेटवस्तू देऊन काढलेला दिवस दोन्ही बाजूंची फसवणूक करतो. त्यापेक्षा एकत्र गृहपाठ करावा, बसची वाट पाहावी, भांडी घासावीत. मूल हरल्यावर काय करते, "नाही" ऐकल्यावर काय करते, आणि तुम्ही निघताना काय करते, हे पाहावे. निरोपाच्या वेळी पाठ फिरवून खेळायला पळणारे मूल बेफिकीर असेलच असे नाही. निरोप पाहायचा नाही, एवढेच त्याने ठरवलेले असू शकते.

भेटीत वचने देऊ नयेत. "पुढच्या महिन्यात येऊ" असे म्हटले तर पुढच्या महिन्यात गेलेच पाहिजे, आणि जाता येणार नसेल तर ते आधी, स्वतः कळवले पाहिजे. निर्णय झालेला नसताना घराचे फोटो आणि त्याच्यासाठी सजवलेली खोली दाखवणे हेही वचनच असते.

आठवी पायरी: पहिले वर्ष डोळ्यांसमोर आणा

सुरुवातीला नव्याचे नऊ दिवस असतात. मूल सांगेल ते ऐकते, ताट स्वच्छ करते, सर्वांना हवेहवेसे वागते, आणि नातेवाईक म्हणतात, "किती गुणी आहे!" ते पाहुण्यासारखे वागत असते. ज्या दिवशी आपण येथे राहणार आहोत अशी त्याला थोडी शक्यता वाटू लागते, त्या दिवसापासून परीक्षा सुरू होते: हे लोक मला केव्हा परत पाठवतील, ते एकदाचे कळू दे. मग वस्तू फुटतात, पैसे नाहीसे होतात, "तू माझी आई नाहीस" हे वाक्य नेमक्या दुखऱ्या वेळी ऐकू येते.

एक दृश्य जवळून पाहा. चादर बदलताना उशीखाली खाऊचा चुरा, अर्धे बिस्कीट आणि कागदात गुंडाळलेला शिळा तुकडा सापडतो. घरात खाण्याची ददात नाही, दोन वेळा आग्रहाने वाढले जाते, तरीही. सहज प्रतिक्रिया दोनच असतात: रागावणे, किंवा "तुला आम्ही कमी देतो का?" असे दुखावून विचारणे. मुलाच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच होतो. उपयोगी पडते ती तिसरी गोष्ट: एक झाकणाचा डबा त्याच्या पलंगाशेजारी ठेवायचा, तो फक्त त्याचा, रोज रात्री भरलेला असेल असे एकदा सांगायचे आणि मग खरोखरच रोज रात्री भरायचा. काही आठवड्यांनी म्हणा, काही महिन्यांनी म्हणा, डबा सकाळी भरलेलाच सापडू लागतो. त्या दिवशी काहीही बोलायचे नाही, आणि रात्री डबा पुन्हा तपासायचा.

असे प्रसंग आपल्या दोघांपैकी कोण कसे हाताळेल, हे एकमेकांना विचारावे. मूल मागे जाऊन लहान होईल, भरवून घेऊ पाहील, अंथरूण ओले करेल. त्याला "एवढा मोठा घोडा झालास" म्हणणारे नातेवाईक घरात असतील तर त्यांना आवरण्याचे काम कुणाचे, हेही ठरवावे. शाळेला पहिल्या सहामाहीत दुय्यम स्थान देण्याची तयारी आहे का? बाहेर कुणी विचारले तर मुलाची कहाणी न सांगण्याची सवय लावून घेता येईल का? ती कहाणी त्याची आहे, आणि ती कुणाला सांगायची हे मोठेपणी तेच ठरवेल. तुम्ही चुकाल, ओरडाल. तेव्हा त्याच दिवशी जाऊन "मी ओरडलो, ते चुकले, आणि तू येथेच राहणार आहेस" एवढे म्हणता येते का, हे आज स्वतःच्या मुलांशी, पुतण्या-भाच्यांशी किंवा जोडीदाराशी वागताना तपासता येते.

शेवटची पायरी: तारीख ठरवा आणि उत्तर द्या

निर्णयाला मुदत हवी, कारण तिकडे मूल वाट पाहत असते आणि त्याचे वय थांबत नाही. ठरलेल्या दिवशी घरातील प्रौढांनी पुन्हा स्वतंत्रपणे "हो", "नाही" किंवा "अजून नाही" यांपैकी एकच उत्तर लिहावे. "अजून नाही" लिहिणाऱ्याने नेमके काय बदलल्यावर उत्तर बदलेल, हे खाली नोंदवावे. असे काही लिहिता येत नसेल तर ते उत्तर "नाही" समजावे. एकाचे जरी "नाही" असेल तरी त्याला मनवण्याचा प्रयत्न करू नये.

नकार देणे हा अपराध नाही. मूल घरी आणून वर्षभराने परत पाठवण्यापेक्षा तो कितीतरी कमी दुखावतो. भेटी झाल्यानंतर नकार द्यायचा असेल तर संस्थेला स्पष्ट कारण सांगावे आणि मुलाला काय सांगायचे ते त्यांच्याशी बसून ठरवावे, म्हणजे दोष आपलाच होता असे मूल समजणार नाही. शक्य असल्यास एक शेवटची भेट घ्यावी. ती टाळावीशी वाटेल, परंतु न सांगता नाहीसा झालेला आणखी एक माणूस त्या मुलाच्या यादीत जमा होऊ नये.

उत्तर "हो" असेल तर ज्या दिवशी ते कळवाल त्याच दिवशी संस्थेकडे काही गोष्टी मागून ठेवा: मुलाचे जुने फोटो, शाळेच्या वह्या, भावंडांचा आणि त्याला सर्वांत जास्त काळ सांभाळणाऱ्या व्यक्तीचा संपर्क, आणि तो झोपताना पांघरत असलेली चादर. चादर न धुता आणा. पहिल्या रात्री नव्या खोलीत ओळखीचा वास तेवढ्या एका वस्तूलाच असेल.